पुरावृत्ताची परीक्षा : टोल्कीन यांच्या मध्यभूमीतील जाणते आणि अजाणते

१८५७ साली केंब्रिजच्या ख्राइस्ट्स कॉलेजात सी. एस. कॅल्व्हर्ली या विडंबनकवीने एक प्रश्नपत्रिका काढली. विषय होता डिकन्सची 'पिक्विक पेपर्स' ही कादंबरी. थाट मात्र ग्रीक-लॅटिन अभिजात ग्रंथांच्या परीक्षेचा होता. वाचकाच्या नजरेतून सहज निसटणाऱ्या किरकोळ तपशिलांविषयी अत्यंत गंभीर मुद्रेने प्रश्न विचारलेले होते. पहिले पारितोषिक वॉल्टर बेझंट यांना मिळाले. ते पुढे कादंबरीकार झाले. दुसरे मिळाले डब्ल्यू. डब्ल्यू. स्कीट यांना. ते पुढे केंब्रिजमध्ये अँग्लो-सॅक्सनचे प्राध्यापक झाले आणि त्यांचा व्युत्पत्तिकोश इंग्रजी भाषाभ्यासाचा एक आधारग्रंथ ठरला. थट्टेच्या परीक्षेत यशस्वी झालेल्या या माणसाने पुढे जन्मभर तेच काम गांभीर्याने केले, शब्दांचे कानेकोपरे धुंडाळले, हा योगायोग गमतीचा असला तरी निरर्थक नाही. १९१४ साली ऑक्सफर्डच्या एक्झेटर कॉलेजात इंग्रजीसाठीचे 'स्कीट पारितोषिक' एका विद्यार्थ्याला मिळाले आणि त्या रकमेतून त्याने विल्यम मॉरिसची पुस्तके विकत घेतली. तो विद्यार्थी म्हणजे जे. आर. आर. टोल्कीन.

कॅल्व्हर्लीच्या थट्टेला धार होती. ज्या परीक्षापद्धतीने होमर आणि व्हर्जिल यांना माहितीचे कोठार करून टाकले होते, तिला त्याने एका लोकप्रिय कादंबरीचा आरसा दाखवला. टोल्कीन यांच्या मध्यभूमीविषयीच्या ज्ञानाची जी परीक्षा गेली अनेक दशके घेतली जात आहे, तीत ही थट्टा उरलेली नाही. 'द हॉबिट' (१९३७), 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' (१९५४-५५) आणि लेखकाच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झालेले 'द सिल्मरिलियन' (१९७७) या ग्रंथांतील व्यक्ती, स्थळे, वंशावळी, युद्धे, शस्त्रे आणि तिथी यांवर प्रश्नांची पुस्तके निघाली, स्पर्धा झाल्या. रॉबर्ट फॉस्टर यांचा मध्यभूमीचा संदर्भकोश १९७१ साली निघाला आणि 'सिल्मरिलियन'नंतर, १९७८ साली, त्याची वाढवलेली आवृत्ती आली. एखाद्या देशाच्या इतिहासकोशात असाव्यात तशा त्यातील नोंदी वर्णानुक्रमे लावलेल्या आहेत. परीक्षेला अशा कोशाची गरज असते आणि कोशाला परीक्षेची.

या प्रकाराचे एक स्पष्टीकरण उम्बेर्तो एको यांनी 'कॅसाब्लांका' या चित्रपटावरील निबंधात दिले आहे. पंथासारखी भक्ती ज्या कृतीला लाभते तिचे विश्व पूर्ण सजवलेले असावे लागते. इतके, की भक्तांना त्यावर कोडी आणि प्रश्नोत्तरे रचता यावीत आणि त्यांतून एकमेकांची ओळख पटावी. याच निबंधात ते आणखी एक अट घालतात. अशी कृती मोडता आली पाहिजे, तिचे तुकडे मूळ संदर्भातून सुटे काढता आले पाहिजेत. एकोंचे हे विवेचन मार्मिक आहे. पण त्याचा रोख पंथाच्या समाजशास्त्राकडे आहे. समीक्षेच्या दृष्टीने विचारायचा प्रश्न निराळा आहे. अशी परीक्षा घेणारा मनुष्य साहित्यकृतीविषयी नेमके काय गृहीत धरतो, आणि टोल्कीन यांच्या कृतीला ते गृहीत मानवते काय?

परीक्षेचे पहिले गृहीत असे की, कल्पितविश्व संपूर्ण आहे. प्रश्नाला उत्तर आहेच. ते ठाऊक असेल किंवा नसेल इतकेच. रोमान इनगार्डन यांनी १९३१ साली साहित्यकृतीतील अनिश्चित स्थानांची संकल्पना मांडल्यापासून हे गृहीत सैद्धांतिक पातळीवर टिकत नाही. संहितेने जे सांगितले नाही ते कल्पितविश्वात 'अज्ञात' नसते, ते नसतेच. दुसरे गृहीत असे की, संहिता ही या विश्वाकडे उघडणारी खिडकी आहे. काच जितकी पारदर्शक तितके बरे. यावरचा आक्षेप तर त्याहून परिचित आहे. एल. सी. नाइट्स यांनी १९३३ साली लेडी मॅक्बेथला मुले किती, हा प्रश्न शीर्षकात घालून ब्रॅडलेपरंपरेतील पात्रचिकित्सेची टर उडवली. मराठीत मर्ढेकरांनंतर स्थिरावलेल्या स्वायत्ततावादी भूमिकेलाही असल्या प्रश्नांशी कर्तव्य नव्हते. लौकिक जीवनातील कुतूहले कलाकृतीला लावणे हा तिच्या लेखी आस्वादातील दोषच होता.

तेव्हा हा सारा खटाटोप एका वाक्यात निकालात काढणे सोपे आहे. टोल्कीन यांच्या बाबतीत मात्र ते सोपेपण फसवे ठरते. एका कादंबरीच्या अस्तराला चुकून राहिलेल्या सुट्या धाग्यांविषयी नाइट्स बोलत होते. टोल्कीन यांच्या कृतीत तपशील हे अस्तर नाही, ते कापडच आहे. फ्रोडो आणि त्याचे सोबती रिव्हेन्डेलहून निघतात तो दिवस २५ डिसेंबरचा, आणि अंगठीचा नाश होतो तो २५ मार्चचा. कथानकात वाचताना या तारखा जाणवतही नाहीत. परिशिष्टातील कालपटात त्या सलग दिसतात. पंचवीस मार्च ही ख्रिस्ती परंपरेत देवदूताने मेरीला दिलेल्या वार्तेची तिथी आहे आणि जुन्या समजुतीनुसार ख्रिस्ताच्या क्रूसारोहणाचीही. टॉम शिपी यांनी या तारखांकडे लक्ष वेधले, तेव्हा ज्या कथेत चर्च नाही, प्रार्थना जवळजवळ नाही, तिच्याखाली वाहणारा प्रवाह उघडा पडला. 'अंगठी कोणत्या तारखेला नष्ट झाली?' हा प्रश्न ऐकायला क्षुल्लक आहे. उत्तर क्षुल्लक नाही. तीच गोष्ट आर्वेनची. मुख्य कथानकात ती जवळजवळ निःशब्द आहे. ॲरागॉर्न आणि ती यांची कथा परिशिष्टात घातली आहे, आणि ती मूळ कथेचाच आवश्यक भाग आहे असे टोल्कीन मानत. ज्याला परिशिष्ट ठाऊक नाही त्याला ॲरागॉर्नच्या राज्याभिषेकात एका विजयी सेनापतीचा गौरव दिसेल. ज्याला ठाऊक आहे त्याला त्याच क्षणी एका मर्त्यतेचा करारही दिसेल. येथे ज्ञान आस्वादाच्या बाहेरचे राहत नाही.

अडचण ज्ञानात नाही, ती परीक्षेच्या व्याकरणात आहे. बालरॉगच्या पंखांचा वाद यासाठी तपासण्याजोगा आहे. मोरियाच्या पुलावर गॅन्डाल्फसमोर उभा ठाकणारा हा अग्निराक्षस मध्यभूमीच्या अभ्यासकांमध्ये एका प्रश्नासाठी प्रसिद्ध आहे : त्याला पंख होते की नव्हते? संहितेत घडते ते असे. प्रथम त्याच्याभोवतीची सावली दोन प्रचंड पंखांसारखी पसरली, असे निवेदक म्हणतो. पुढे थोड्याच अंतरावर त्याचे पंख एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत पसरल्याचे तो सांगतो. 'सारखे' हा शब्द गळलेला असतो. आपल्या काव्यशास्त्राच्या परिभाषेत बोलायचे तर उपमा रूपकात विरघळली आहे. प्रश्न विचारणारा येथे अभिधेचा आग्रह धरतो. लक्षणा त्याला पळवाट वाटते. पंख आहेत किंवा नाहीत, तिसरा पर्याय उत्तरपत्रिकेत नाही. वस्तुतः त्या प्रसंगाची भीती याच तिसऱ्या पर्यायात आहे. सावली कुठे संपते आणि देह कुठे सुरू होतो हे पाहणाऱ्याला कळत नाही, आणि भाषाही तेवढ्या अंतरात आपली पकड सोडते. २००१ सालच्या चित्रपटाने त्या राक्षसाला पंख दिले. चित्रपटाला द्यावेच लागले असते, कारण पडद्यावर उपमा दाखवता येत नाही. परंतु वाचकाने आपण होऊन पडद्याची मर्यादा का स्वीकारावी, हे समजत नाही.

साहित्याच्या औपचारिक शिक्षणालाही ही खोड अनोळखी नाही. 'संदर्भासह स्पष्टीकरण द्या' या जुन्या प्रश्नाची कितीही चेष्टा झाली असली, तरी त्यात निदान 'स्पष्टीकरण' हा शब्द होता. २०१२ साली महाविद्यालयीन अध्यापकांसाठीच्या राष्ट्रीय पात्रता परीक्षेतील दीर्घोत्तरी प्रश्नपत्रिकाही वस्तुनिष्ठ झाली. तेव्हापासून कवीला आणि त्याच्या संग्रहाला जोडणाऱ्या रेघा ओढता येणे ही साहित्याच्या अध्यापकाची पात्रता ठरली आहे. मध्यभूमीच्या परीक्षार्थींना हसण्यापूर्वी विद्यापीठीय वाचकाने एवढे ध्यानात घेतलेले बरे.

बालरॉगच्या बाबतीत संहिता एकच आहे आणि ती संदिग्ध आहे. संहिताच अनेक असल्या म्हणजे परीक्षेची अवस्था आणखी बिकट होते. गिल-गालाड या एल्फराजाचा पिता कोण? १९७७च्या 'सिल्मरिलियन'प्रमाणे फिंगॉन. हा ग्रंथ लेखकाने पूर्ण केलेला नव्हता. वडिलांच्या असंख्य हस्तलिखितांतून तो ख्रिस्तोफर टोल्कीन यांनी सिद्ध केला. पुढे १९८३ ते १९९६ या काळात त्यांनी ती हस्तलिखिते बारा खंडांत प्रसिद्ध केली. फिंगॉनचे पितृत्व ही वडिलांच्या मनात काही काळ आलेली आणि मागे पडलेली कल्पना होती, नंतरचा निर्णय राजाला ओरोड्रेथचा मुलगा ठरवणारा होता, आणि छापील ग्रंथातील नोंद ही आपली संपादकीय चूक होती, असे त्यांनी शेवटच्या खंडात सांगितले. म्हणजे छापील ग्रंथाचे उत्तर एक, हस्तलिखिताचे दुसरे. परीक्षक कोणत्या उत्तराला गुण देणार? भांडारकर संस्थेच्या महाभारताची चिकित्सक आवृत्ती ज्यांनी हाताळली आहे त्यांना हा प्रश्न नवा नाही. पाठभेदाच्या जागी 'खरे काय घडले' हे विचारणे निरर्थक असते. कोणत्या पोथीत काय आहे आणि का, एवढेच विचारता येते.

याहून विलक्षण प्रकार बेरूथिएल राणीच्या मांजरांचा आहे. मोरियाच्या अंधारात गॅन्डाल्फ वाट चुकणार नाही याची ग्वाही देताना ॲरागॉर्न या मांजरांचा दाखला देतो, जणू सर्वांना ठाऊक असलेली म्हण असावी तसा. पुढे त्यांचा कुठेच उल्लेख नाही. १९५५ साली डब्ल्यू. एच. ऑडेन यांना लिहिलेल्या पत्रात टोल्कीन यांनी स्वतःच कबूल केले की, या मांजरांविषयी आपल्याला अद्याप काहीही कळलेले नाही. म्हणजे ग्रंथ प्रसिद्ध होत असताना त्यावरच्या एका प्रश्नात त्याचा कर्ताच अनुत्तीर्ण झाला असता. राणीची कथा त्यांनी नंतर रचली आणि ती १९८० सालच्या 'अनफिनिश्ड टेल्स'मध्ये एका टिपेत आली. आज तिच्यावर प्रश्न विचारता येतो. पण ॲरागॉर्नच्या तोंडी ते वाक्य प्रथम आले तेव्हा त्याचे सामर्थ्य त्यामागे कथा नसण्यात होते. या ग्रंथाचे आकर्षण बरेचसे पार्श्वभूमीतील विस्तीर्ण इतिहासाच्या ओझरत्या दर्शनात आहे, आणि दुरून दिसणाऱ्या त्या बेटावर प्रत्यक्ष जाणे म्हणजे त्याची जादू नष्ट करणे, असे टोल्कीन यांनीच एका पत्रात लिहिले आहे. आनंदवर्धनाने कवीला काव्यसंसाराचा प्रजापती म्हटले. पण हा प्रजापती आपल्या सृष्टीत प्रवाशासारखा फिरतो, नावे प्रथम ऐकतो आणि अर्थ मागाहून शोधतो. हॉबिट हा शब्दही त्यांना असाच भेटला. १९३०च्या आसपास, उन्हाळ्यात शालान्त परीक्षेच्या उत्तरपत्रिका तपासत असता एका विद्यार्थ्याने कोरे सोडलेले पान त्यांना लागले, आणि जमिनीतल्या बिळात राहणाऱ्या हॉबिटविषयीचे एक वाक्य त्यांनी त्यावर लिहिले. हॉबिट म्हणजे काय, हे त्यांना तेव्हा माहीत नव्हते. परीक्षार्थीने न दिलेल्या उत्तराच्या जागी ही कथा सुरू झाली.

'द हॉबिट'मधील कोड्यांच्या प्रकरणात तर पाठभेदालाच कथेचा दर्जा मिळाला आहे. बिल्बो आणि गॉलम यांच्यात काळोखात कोड्यांची स्पर्धा लागते. गॉलमने पणाला काय लावले होते? १९३७च्या आवृत्तीत तो हरला तर बिल्बोला एक भेट देणार असतो, आणि ती भेट म्हणजे अंगठीच. १९५१च्या सुधारित आवृत्तीत तो फक्त बाहेरची वाट दाखवणार असतो. नव्या ग्रंथातील अंगठी इतकी भीषण झाली होती की ती कोणी भेट म्हणून देऊ करील हे शक्यच नव्हते. म्हणून प्रकरण बदलावे लागले. सामान्य लेखकाने जुना पाठ विसरून टाकला असता. टोल्कीन यांनी 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'च्या प्रास्ताविकात तो जपला : जुनी हकीकत ही बिल्बोने सोबत्यांना सांगितलेली थाप होती, आणि अशी थाप मारणे त्याच्या सरळ स्वभावाला न शोभणारे असल्याने गॅन्डाल्फला अंगठीचा पहिला संशय आला. दोन आवृत्त्यांमधील फरक असा एका पात्राच्या अधःपाताची खूण बनतो. येथे एक उत्तर बरोबर व एक चूक असे म्हणणाऱ्याने दोन्ही गमावली.

या स्पर्धेचे मूळ जुन्या नॉर्स काव्यात आहे, आणि ते मूळ म्हणजे पुराणविश्वाच्या ज्ञानाची परीक्षाच होय. 'एड्डा'तील वाफ्थ्रूद्निर या राक्षसाच्या काव्यात ओडिन वेष पालटून त्याच्याकडे जातो. पृथ्वी, चंद्र-सूर्य, देव आणि प्रलय यांविषयी प्रश्नोत्तरे होतात आणि पणाला लागलेले असते ते मस्तक. वैदिक यज्ञातील ब्रह्मोद्य किंवा जनकाच्या सभेत मस्तक गमावणारा विदग्ध शाकल्य ज्यांना आठवेल त्यांना हा पण अपरिचित वाटणार नाही. ओडिनचा शेवटचा प्रश्न मात्र ज्ञानाच्या कक्षेतला नसतो. चितेवर ठेवलेल्या आपल्या पुत्राच्या कानात ओडिनने काय सांगितले, हे ओडिनवाचून कोणालाच ठाऊक असणे शक्य नाही. त्या प्रश्नाने राक्षस हरतो आणि त्याच प्रश्नाने त्याला प्रतिस्पर्ध्याची ओळख पटते. बिल्बोचा शेवटचा प्रश्न, खिशात काय आहे, हा याचाच गावठी वंशज आहे. फरक इतकाच की ओडिन जाणूनबुजून विचारतो आणि बिल्बो नकळत, स्वतःशी पुटपुटत. आपल्या खिशातल्या वस्तूचा अर्थ त्याला स्वतःलाही कळायचा असतो. हे कोडे की नुसता प्रश्न, यावर अधिकारी व्यक्तींमध्ये मतभेद असल्याचे प्रास्ताविकात टोल्कीन गंभीरपणे नोंदवतात. कॅल्व्हर्लीची थट्टा येथे मूळ ग्रंथाच्या आतच येऊन बसलेली दिसते.

मोरियाच्या दाराशी होणारी परीक्षा अधिक कडक आहे. चंद्रप्रकाशात दारावर एल्फांच्या भाषेतील लेख उमटतो. गॅन्डाल्फ तो वाचतो आणि त्याचा अर्थ असा लावतो की, मित्राने परवलीचा शब्द उच्चारावा आणि आत यावे. शब्द कोणता, हे लेखात नाही. असली द्वारे उघडणारे, सर्व भाषांतील मंत्र एकेकाळी गॅन्डाल्फला येत होते. दोनशे तर अजूनही तोंडपाठ आहेत. ते तो म्हणत राहतो आणि दार ढिम्म हलत नाही. वस्तुतः लेखानेच शब्द सांगून टाकला होता. 'मित्र' हा शब्द उच्चारायचा होता. गॅन्डाल्फची चूक माहितीची नव्हती, भाषांतराची होती. संबोधन समजून त्याने जे वाचले ते कर्म होते. योग्य प्रश्न त्याआधीच विचारला होता तो मेरीने, मंत्र ठाऊक नसलेल्या एका साध्या हॉबिटने, आणि गॅन्डाल्फ नंतर ते मान्यही करतो. चित्रपटात हे श्रेय फ्रोडोला दिले आहे. 'दाराचे कोडे कोणी सोडवले?' या प्रश्नावर त्यामुळे आज ग्रंथाचे वाचक आणि चित्रपटाचे प्रेक्षक यांची वेगवेगळी उत्तरे येतात.

मराठी वाचकाने या ठिकाणी थोडे थांबावे. 'स्वामी मुद्रिकांचा' या नावाने हा ग्रंथ मराठीत आला आहे, आणि कोणत्याही मराठी अनुवादकाला हे दार उघडणे मूळ लेखकापेक्षा अवघड जाणार, याचे कारण मराठीच्या व्याकरणात आहे. इंग्रजीत संबोधन आणि कर्म यांचे रूप एकच. स्वल्पविराम काढला की अर्थ फिरतो. मराठीत 'मित्रा' म्हटले की हाक झाली आणि 'मित्र' म्हटले की हाक उरली नाही. एका 'आ'काराने कोड्याचा जीव जातो. संबोधनात न बदलणारा 'साथी'सारखा शब्द घेतला तर संदिग्धता वाचते, पण मग 'बोल' हे क्रियापद ओढूनताणून चालवावे लागते. हा खल कोणाला कोशकाराचा छंद वाटेल. परंतु संपूर्ण प्रसंगाचा कणा याच भेदावर आहे, आणि त्या भेदामागे एक काळ आहे. ते दार एल्फ आणि बुटके यांच्यात वैर नव्हते तेव्हाचे आहे. शत्रूची शंकाच ज्यांना नव्हती त्यांनी परवलीचा शब्द दारावरच लिहून ठेवला. गॅन्डाल्फ ज्या युगात जगतो त्यात दार म्हणजे रहस्य, आणि रहस्य म्हणजे मंत्र. संशयाच्या युगातील पांडित्याला विश्वासाच्या युगातील लेख वाचता येत नाही. गॅन्डाल्फ अनुत्तीर्ण होतो तो इतिहासाच्या या आकलनात.

तिसरी परीक्षा मिनास तिरिथच्या रुग्णालयात होते आणि तिच्यात खरोखरीच प्राण पणाला लागलेले असतात. फारामिर, एओविन आणि मेरी हे काळ्या श्वासाने निपचित पडले आहेत. ॲरागॉर्न 'आथेलास' ही वनस्पती मागतो. सेविका आयोरेथला हे नाव ठाऊक नाही. लोकभाषेतले नाव सांगताच तिला वनस्पती आठवते, पण ती येथे ठेवलेली नाही. मग वनौषधींचा अधिकारी येतो. खेडवळ तिला काय म्हणतात, अभिजनांच्या भाषेत तिचे नाव काय, त्याहून प्राचीन भाषेत काय, हे सारे तो सविस्तर सांगतो. तिच्याविषयीचे जुने पद्यही त्याला पाठ आहे. ते म्हाताऱ्या बायांच्या तोंडी विटाळलेले निरर्थक गाणे, असा त्याचा शेरा आहे. वनस्पती मात्र त्याच्याकडे नाही. प्रश्नोत्तरांच्या कोणत्याही स्पर्धेत या गृहस्थाला पैकीच्या पैकी गुण मिळाले असते. गॅन्डाल्फ चिडून म्हणतो की, विद्या कमी पण शहाणपण अधिक असलेला एखादा म्हातारा शोधा, ज्याच्या घरात ती पाने असतील. शेवटी बेर्गिल हा मुलगा फडक्यात गुंडाळलेली सहा पाने घेऊन धावत येतो. पाने ताजीही नसतात.

या प्रसंगाचे एक वाचन सरधोपट आहे : पांडित्य निरुपयोगी, लोकांचे शहाणपण खरे. टोल्कीन स्वतः जन्मभर पांडित्याचाच व्यवसाय करीत होते. ऑक्सफर्डमध्ये १९२५पासून ते अँग्लो-सॅक्सनचे प्राध्यापक होते, आणि अधिकाऱ्याने सांगितलेली तीन नावे त्यांनी तीन वेगवेगळ्या भाषांच्या ध्वनिनियमांनुसार घडवली होती. अधिकाऱ्याची टर उडवणारा लेखक हाच अधिकारी आहे. शिवाय त्याची नावे चुकीची नाहीत, त्याचे पद्यही चुकीचे नाही. त्या पद्यातच रुग्णांचा उपाय आहे. त्याचे चुकते ते इतकेच की जे तो जाणतो ते खरे असू शकेल असे त्याला वाटत नाही. ज्ञान त्याच्यापाशी अवतरणचिन्हांत आहे. आयोरेथची गत उलटी आहे. राजाचे हात हे वैद्याचे हात, ही जुनी म्हण ती बडबडीच्या ओघात बोलून जाते आणि गॅन्डाल्फला तिच्यातून दिशा मिळते. तिला म्हणीचा इतिहास ठाऊक नाही, पण म्हणीवर तिचा विश्वास आहे. पुरावृत्त या दोघांत दुभंगले आहे. ॲरागॉर्न ती दोन शकले जुळवतो, म्हणूनच तेथे तो राजा म्हणून ओळखला जातो. गॉन्डोरच्या ऱ्हासाचे निदान फारामिरने आधीच फ्रोडोजवळ केलेले असते : तेथील राजांना जिवंतांच्या घरांपेक्षा थडगी अधिक शोभिवंत करावीशी वाटली आणि पूर्वजांची नावे पुत्रांच्या नावांहून प्रिय झाली. सारुमानचे उदाहरण याच्याच पुढचे टोक आहे. अंगठ्यांच्या विद्येत त्याच्याइतका पारंगत कोणी नव्हता, आणि अंगठी नदीवाटे समुद्राला मिळाली असे त्यानेच सर्वांना सांगितले. परीक्षकच खोटे बोलू लागला म्हणजे उत्तरपत्रिकेला काय अर्थ!

टोल्कीन यांना वाचकांचे प्रश्न येत आणि ते विलक्षण चिकाटीने उत्तरे लिहीत. काही ठिकाणी मात्र ते उत्तर नाकारत. टॉम बॉम्बाडिल हे जाणूनबुजून ठेवलेले गूढ आहे, असे त्यांनी १९५४ साली नाओमी मिचिसन यांना कळवले. त्याच वर्षी ऑक्सफर्डमधील एका कॅथलिक पुस्तकविक्रेत्याने त्यांना काही धर्मशास्त्रीय शंका विचारल्या होत्या. एल्फांचा पुनर्जन्म ईश्वरी नियमात बसतो काय, आणि बॉम्बाडिल हा साक्षात ईश्वर तर नव्हे? उत्तरादाखल टोल्कीन यांनी लांबलचक मसुदा लिहिला. पुनर्जन्माच्या प्रश्नावर ते पानेच्या पाने युक्तिवाद करतात. बॉम्बाडिलपाशी येताच त्यांचा सूर बदलतो. फ्रोडोने गोल्डबेरीला 'बॉम्बाडिल काय आहे?' असे विचारलेले नाही, 'कोण आहे?' असे विचारले आहे, आणि माणसे हे दोन प्रश्न सैलपणे एकच समजतात, याची ते आठवण देतात. गोल्डबेरीने दिलेले तोकडे उत्तर, तो आहे एवढेच, त्यांना योग्य वाटते. मसुदा त्यांनी पाठवला नाही. त्यात आपण स्वतःला फार महत्त्व दिल्यासारखे झाले, अशी नोंद त्यावर करून त्यांनी तो तसाच ठेवून दिला.